दूध बंद केलंत, पण खोक्यातलं?

प्रश्न : माझा मुलगा १३ महिन्यांचा आहे. दहा दिवसांपूर्वी त्याला उलट्या, ताप आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. रोटाची लस दिलेली आहे. उलट्या आणि ताप तीन दिवसांत थांबले, पण शी अजूनही दिवसातून सात-आठ वेळा होते. फेसाळ, आंबट वासाची, आणि होताना फटकन आवाज येतो. ढुंगण लालभडक झालंय. वजन ९.१ किलो होतं, ते ८.६ वर आलंय. तो दिवसाला तीन बाटल्या म्हशीचं दूध प्यायचा, साधारण ६०० मिली, शिवाय रात्री अंगावर पितो. शी तपासली तर ‘रिड्युसिंग शुगर पॉझिटिव्ह’ आलं. बाळाला लॅक्टोज पचत नाही म्हणून दुकानदाराने सोया पावडरचा डबा दिला. तो अजून उघडलेला नाही. तीन दिवस वरचं दूध पूर्ण बंद केलंय, दोन्ही वेळेला बाळाचं तयार सीरियल पाण्यात कालवून देते, तरी काही फरक नाही. ओआरएसने जुलाब थांबेनात म्हणून ते बंद केलं, झिंकचं औषध पाच दिवस दिलं. सासूबाई म्हणतात, तुझंच दूध बाधतंय, अंगावरचं तोड. मी स्वतः चहासुद्धा सोडलाय. मलाही दूध पचत नाही, तेच त्याच्यात उतरलं असेल का? आता जन्मभर दूध बंद ठेवायचं का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, पत्र मिळालं त्याच दिवशी महत्त्वाचं तेवढं मी तुम्हाला मेलवर कळवलं, कारण जुलाब काही सदराची वाट बघत थांबत नाहीत. इथे तेच सविस्तर लिहितेय. गेल्या दीड महिन्यात अशाच मजकुराची आणखी चार पत्रं आली आहेत.

सगळ्यात आधी ते सीरियल. तुमच्या पत्रातलं हे एक वाक्य मी तीनदा वाचलं. घरात खोकं असेल तर आत्ता हातात घ्या आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक छापलेत ते वाचा. बाळाच्या बहुतेक तयार सीरियलमध्ये गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठाबरोबर दुधाची भुकटी असते. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘स्किम्ड मिल्क पावडर’, ‘व्हे’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. ‘फक्त पाण्यात कालवा’ असं खोक्यावर म्हणतात ते त्यामुळेच, दूध आत आधीच घातलेलं असतं. म्हणजे बाटलीतलं दूध तुम्ही बंद केलंत आणि वाटीतून ते दोन वेळा जातच राहिलं. दूध तोडूनही फरक नाही म्हणजे मोठंच काहीतरी असणार, असं तुम्हाला वाटलं असणार. मला वाटतं, फरक न पडण्याचं उत्तर त्या खोक्याच्या पाठीवरच आहे. तुमच्या हातून चूक झाली असं मी म्हणणार नाही. खोक्याच्या पुढच्या बाजूला हसरं बाळ असतं आणि दूध मागच्या बाजूला.

आता हे होतं का, ते सांगते. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारा रस, लॅक्टेज, लहान आतड्याच्या आतल्या केसाळ अस्तरात तयार होतो, तोही अगदी शेंड्यांवर. उभ्या ज्वारीवर गारा पडल्या की कणसं आधी झडतात, ताटं उभी राहतात, तसंच इथे होतं. जुलाबाचा विषाणू आला की शेंडे आधी जातात आणि त्यांच्याबरोबर लॅक्टेज जातं. भात, डाळ पचवणारे रस खालपर्यंत आणि भरपूर असतात, ते बरेचसे तगतात. नवीन पेशी बुडापासून वर चढत येतात, शेंड्याला पोचून पक्व झाल्या की मग लॅक्टेज परत येतं. म्हणून हा रस सगळ्यात आधी जातो आणि सगळ्यात शेवटी येतो. ताप उतरला, उलटी थांबली, पोर खेळायला लागलं, तरी दुधाची शी आठ-पंधरा दिवस चालू राहते ती अशी.

न पचलेलं लॅक्टोज तसंच पुढे सरकतं आणि जाताना आतड्यात पाणी ओढून घेतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर ताव मारतात. त्यातून वायू होतो, त्याचा फेस आणि तो फटकन आवाज. आणि आम्ल होतं, त्याचा आंबट वास आणि लाल ढुंगण. तुम्ही लिहिलेलं वर्णन पाठ्यपुस्तकातल्यासारखं आहे. पोटाची तक्रार शीच्या जागेवर वाचता येते, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. तुम्ही ते न शिकवता टिपलंत.

तरीही लॅबच्या त्या ‘रिड्युसिंग शुगर’च्या, म्हणजे शीतल्या साखरेच्या, कागदाला फार मान देऊ नका. ही तपासणी अगदी साधी असते. शीच्या पातळ भागात निळं बेनेडिक्ट द्रावण घालून तापवायचं, साखर असेल तर रंग हिरव्या-पिवळ्याकडून विटकरीकडे जातो. पूर्वी लघवीतली साखर याच द्रावणाने बघायचे. पण आईच्या दुधावरच्या अगदी ठणठणीत बाळाच्या शीतही थोडी साखर सापडते, कारण आईच्या दुधात लॅक्टोज भरपूर असतं. १०० मिलीला साधारण ७ ग्रॅम. म्हशीच्या किंवा गाईच्या दुधात ५ च्या आसपास. त्यात नमुना डायपरमधून खरवडून नेला असेल तर ज्या पातळ भागात साखर असते तो डायपरनेच पिऊन टाकलेला असतो. मला त्या कागदापेक्षा तुमचं वर्णन आणि तो ८.६ चा आकडा जास्त सांगून जातो. तीन महिन्यांचं, फक्त आईच्या दुधावरचं, छान वजन घेणारं बाळ दिवसाला आठ वेळा पिवळी शी करतं आणि कुणीतरी त्याची ही तपासणी करून आईला घाबरवतं, असं मी नेहमी बघते. त्या बाळाला काहीही झालेलं नसतं.

आता सासूबाईंचा मुद्दा. अंगावरचं दूध तोडायचं नाही. एक वेळचंही नाही. आईच्या दुधात लॅक्टोज जास्त असतं, हे वर मीच लिहिलंय आणि तरी हेच सांगतेय. ते थोडं थोडं, रात्रभरात विभागून जातं, त्याच्याबरोबर आतड्याचं अस्तर भरून काढणारे घटक जातात, आणि आजारी पोर बाकी सगळं नाकारतं तेव्हा तेवढंच घेतं. आजवर जुलाबात अंगावरचं तोडून पस्तावलेल्या आया मी पुष्कळ पाहिल्या. चालू ठेवून पस्तावलेली एकही आठवत नाही.

आणि तुमचा चहा? आजपासून प्या. दुधातलं लॅक्टोज आईच्या स्तनातच तयार होतं. तुम्ही चहा घेतलात, बासुंदी खाल्लीत किंवा दुधाला शिवलाही नाहीत, तरी तुमच्या दुधातल्या लॅक्टोजमध्ये फरक पडत नाही. आईने दूध सोडायचं ते गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असली तर, आणि तो आजारच वेगळा. त्यात शीत रक्त-शेम पडते, अंगावर इसब येतं, जुलाबाच्या साथीशी संबंध नसतो, आणि लॅक्टोज काढलेलं दूध देऊनही उपयोग होत नाही, कारण भांडण साखरेशी नसून प्रथिनाशी असतं. तुमच्या मुलात तसं काही दिसत नाही.

‘माझ्यातलं त्याच्यात उतरलं का’ हा प्रश्न तुम्ही जरा चोरून विचारलाय, शेवटी. मोठेपणी दूध न पचणं आपल्याकडे अगदी सर्रास आहे आणि ते घराण्यातून येतं, हे खरं. पण ते लॅक्टेज हळूहळू आटत जातं, साधारण तीन-पाच वर्षांनंतर. तेरा महिन्यांच्या मुलात ते कारण नसतं. त्याचं आत्ताचं दुखणं म्हणजे जखम आहे, ती भरते. पुढे कॉलेजात गेल्यावर त्याला मिल्कशेक बाधला तर तेव्हा तुमचं नाव घेईल.

मग खायला काय द्यायचं? इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण जुलाबात मुलं दुधाने बिघडतात त्यापेक्षा जास्त उपाशी ठेवल्याने बिघडतात. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून पोराला नुसत्या पेजेच्या निवळीवर आठ-आठ दिवस ठेवतात. आतड्याची नवी पेशी उभी राहायला अन्न लागतं, आणि तेही तिथूनच जाणारं.

मऊ भात आणि मुगाच्या डाळीचं घट्ट वरण हे तुमचं मुख्य जेवण. कुकरमधून काढल्यावर पळीने घोटा, डाव उलटा केला तर पटकन ओघळणार नाही इतपत दाट ठेवा. मुलाचं पोट लहान असतं. पातळ दिलंत तर पाण्यानेच भरतं. त्यावर चमचाभर तूप. हो, तूप. तुपात लॅक्टोज नावालाही नसतं, आणि एका छोट्या चमच्यात ४५ कॅलरी असतात. जुलाबात तूप-तेल बंद करायची आपल्याकडची पद्धत या वयात नुकसानीची आहे. मेतकूट-तूप-भात चालेल, फार तिखट नसेल तर. भाजलेल्या तांदळाच्या पिठाची पेज, कुस्करलेला बटाटा, पिकलेलं केळं, नाचणीचं सत्त्व पाण्यात शिजवून. अंडं खाता का घरी? मग उकडून, पिवळ्यासकट. चिकन शिजवून किसून भातात मिसळलं तर उत्तमच. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. कुणीतरी गहू बंद करायला सांगेल, तिकडे लक्ष देऊ नका.

दुधाचं म्हणाल, तर बाटलीभर दूध नको, दही चालेल. विरजणातले जिवाणू दूध लावताना लॅक्टोजचा काही हिस्सा स्वतः खाऊन टाकतात, आणि दह्याबरोबर पोटात गेल्यावर उरलेलं पचवायला हातभारही लावतात. म्हणून घरी रात्री लावलेलं ताजं दही, दुपारच्या भातात दोन-तीन चमचे. ‘दही थंड, सर्दी होईल’ म्हणून काहीजण त्याची कढी करून देतात. उकळल्यावर ते जिवाणू मरतात आणि निम्मा फायदा गॅसवर जातो. फ्रिजमधून काढलेलं असेल तर नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, एवढं पुरे. पेढा, खवा, खीर, आइस्क्रीम आत्ता नको. मिल्क बिस्किटं नकोत. फळांचे डबाबंद रस तर अजिबात नकोत, त्यांतली साखर लॅक्टोजसारखंच पाणी ओढते.

सोयाचा डबा. तुमच्या मुलाला त्याची गरज नाही. वर्षाच्या पुढचं, डाळभात खाणारं, अंगावर पिणारं मूल आहे ते. डाळ, भात, तूप, अंडं, दही यांतून जे मिळतं ते त्या डब्यापेक्षा कमी नाही आणि स्वस्त आहे. सहा महिन्यांच्या आतलं, फक्त वरच्या दुधावर असलेलं बाळ असेल तर गोष्ट वेगळी, तिथे काय द्यायचं ते डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचं. दुकानदाराने काउंटरवरून ते ठरवू नये. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

म्हशीच्या दुधात पाणी घालून द्यायचाही मोह होईल. नका करू. पाणी घातल्याने लॅक्टोज कमी होतं, तसंच सगळंच कमी होतं आणि पोर उपाशी राहतं. त्यापेक्षा कमी दूध, पण अन्नात मिसळून. जुलाब १४ दिवसांपुढे रेंगाळले तर जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा वजनाच्या किलोमागे दिवसाला ५० मिली दूध, तेही भातासारख्या धान्यात मिसळून, अशी आहे. तुमच्या मुलाच्या ८.६ किलोला ते साधारण ४३० मिली होतं. तो पीत होता ६०० मिली, तेही बाटलीतून एकदम दोनशे-दोनशे. शिवाय अंगावरचं. म्हणजे सगळंच तोडायची गरज नव्हती, माप आणि रीत बदलायची होती. आणि साध्या, पहिल्या आठवड्यातल्या जुलाबात तर बहुतेक मुलांना नेहमीचं दूध चालतं. जुलाब म्हटले की दूध बंद, हे सगळ्यांना लागू नाही.

बाटली मात्र कायमची बंद करा. बुचाच्या खोबणीत कितीही ब्रश फिरवला तरी साय राहतेच. वाटी-चमचा किंवा लहान पेला. दोन दिवस रडेल, मग जमतं.

तुमचं ओआरएसचं वाक्य मी परत वाचलं. ओआरएस जुलाब थांबवत नाही, ते जुलाबातून गेलेलं पाणी-मीठ भरून काढतं, आणि त्यानेच जीव वाचतो. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलराची) साथ आली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-ग्लुकोजचं पाणी करून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. पेला धरणारे हात नर्सचे नव्हते, आयांचे-बायकांचे होते. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. मोठी पुडी असेल तर ती अख्खी एक लिटर पाण्यात. लहान पुड्या २०० मिलीच्या असतात, पुडीवर वाचून घ्या. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. रंगीत खोक्यातल्या गोड ‘एनर्जी’ पेयांना ओआरएस समजू नका. झिंकही पाच दिवसांवर सोडायचं नव्हतं. २० मिलीग्रॅम रोज, एकूण १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी. त्याने आत्ताचं लवकर आवरतं आणि पुढचे काही महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. जुलाब बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या मुलाला चुकूनही देऊ नका, आतडं लुळं पडतं. सहाणेवरचं जायफळही आत्ता बाजूला राहू दे. त्याने पोर गुंगतं, आणि गुंगलेलं पोर ओआरएस पीत नाही.

लस देऊनही जुलाब कसे, असं तुमच्या मनात आलं असेल. रोटाच्या लसीने रोटाचा जोर मोडतो, पण नोरोसारखे दुसरे विषाणू आहेतच. लस फुकट गेली नाही.

ढुंगणासाठी प्रत्येक वेळी साबण नको, वाइप्स नकोत. कोमट पाणी, टिपून कोरडं करणं, झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर थापून लावणं, आणि दिवसातून दोन तास तरी उघडं ठेवणं. चटई, जुनी साडी आणि थोडा संयम लागतो.

आता दूध परत सुरू करण्याचं. हा भाग आया विसरतात. आणि डॉक्टरही सांगायला विसरतात. माझ्याकडे तीन-साडेतीन वर्षांची मुलं येतात, फाइलवर ‘लॅक्टोज इनटॉलरन्स’ लिहिलेलं, आणि कधीपासून विचारलं तर ‘बाळ होता तेव्हा जुलाब झाले होते’. आठवडाभराची पथ्यं वर्षानुवर्षं चाललेली. म्हणून कॅलेंडरवर आजच खूण करा. सीरियल बंद झाल्यावर तीन-चार दिवसांत फेस आणि आवाज कमी व्हायला हवा. शी घट्ट झाल्यावर दोन-तीन दिवस थांबा, मग नाचणीच्या सत्त्वात ५० मिली दूध घालून शिजवा आणि सकाळच्या वेळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येईल. ठीक वाटलं तर दर एक-दोन दिवसांनी तेवढंच वाढवा. फेस परत दिसला तर घाबरू नका, दह्यावर या आणि आठवड्याने पुन्हा बघा. बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत नेहमीच्या दुधावर येतात, पण ६०० मिलीवर परत न्यायची गरज नाही, वर्षापुढे ४०० पुष्कळ झालं. बरा झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, गेलेलं अर्धा किलो त्यातून येतं.

डॉक्टरांकडे थांबून न राहता जायचं ते यासाठी: शीत रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल, सुस्ती, पुन्हा उलट्या, किंवा प्यायलाच नकार. आणि १४ दिवस उलटूनही जुलाब चालू असतील तर त्याला आम्ही वेगळ्या नावाने ओळखतो आणि वेगळ्या पद्धतीने बघतो; तेव्हा पत्र लिहू नका, मुलाला घेऊन जा. फोनमधले शीचे फोटो बरोबर न्या, लाजू नका, आम्हाला ते जेवतानाही चालतात. त्याआधी येत्या तीन दिवसांत एकदा वजन करा, त्याच काट्यावर, कपडे काढून, कारण थंडीतल्या स्वेटरने मला एकदा ३०० ग्रॅमचा आनंद फुकट दिला होता.

सोयाचा डबा उघडलेला नाही, असं तुम्ही लिहिलंय. बिल जपून ठेवलं असेल तर आजच परत करा, आणि येताना वरणासाठी मूगडाळ घेऊन या.